सायकलीचा मान

सत्यवतीनं सायकल घेतली ती हौसेपायी नाही. धानोरीला पोहोचायला तिला उशीर झाला होता, म्हणून घेतली.

तो १९६१ चा श्रावण. मूर्तिजापूरकडच्या बोरखेडच्या सरकारी दवाखान्यात ती मिडवाइफ म्हणून लागून आठ महिने होत आले होते. बोरखेड, पळसोना आणि धानोरी अशी तीन गावं तिच्याकडे. त्या दिवशी सकाळीच धानोरीहून पंजाबरावांची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, तिला न्यायला आली. त्यांची बायको शकुन अडली होती. पक्की सडक होती तोवर बैल पळाले. फाट्यावरून गाडवाटेला लागले आणि पाऊण मैलावर दमणी काळ्या मातीत आसापर्यंत रुतली. गडी चाकाला खांदा लावून लावून थकला. शेवटी सत्यवती खाली उतरली, पेटी डोक्यावर घेतली आणि चिखलातून चालत निघाली.

ती पोहोचली तेव्हा शकुनची सासू पार्बताबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. आतून रडण्याचा आवाज येत होता. तो शकुनचा होता. बाळ अर्ध्या तासापूर्वीच गेलं होतं.

"तुमी काई मनाले लावून घेऊ नका बाई," पार्बताबाई म्हणाली. "पैल्या खेपेलेबी असंच झालं. नाळ गयात अटकते, अन् सोडवाले कोनी नसते. माह्या हाताले ते जमत नाई."

सत्यवतीनं शकुनला तपासलं, औषध दिलं, सगळं निस्तरलं. निघताना तिच्यासाठी चहा आला. ओसरीच्या कोनाड्यात एक कप वेगळा ठेवला होता, त्यात आला. सत्यवतीनं तो प्यायला, स्वतःच विसळला आणि परत कोनाड्यात ठेवून दिला. ती बौद्ध आहे हे गावाला ठाऊक होतं आणि गावाचं कोनाड्यातलं वागणं तिलाही ठाऊक होतं. तिचं मन त्या दिवशी कपात नव्हतं. अर्धा तास, एवढंच ती मनात घोकत होती. अर्धा तास आधी आले असते तर दोन बोटांचं काम होतं.

शकुनच्या उशाशी जाऊन ती म्हणाली, "पुढच्या खेपेले मी येळेवर येईन. शब्द देतो तुले." वऱ्हाडात बायासुद्धा 'येतो', 'देतो' असंच बोलतात, तशी ती बोलली.

 

सत्यवतीचा बाप देवमन अकोल्याच्या एका जिनात कापसाचे बोजे उचलत असे. छप्पनच्या साली सगळ्या घरानं धम्मदीक्षा घेतली, त्याच्या दुसऱ्या वर्षी सत्यवतीचा नवरा टायफॉइडनं गेला. एकवीस वर्षांची पोर माहेरी परतली. देवमननं चार महिने तिला रडू दिलं आणि मग म्हणाला, "तू रडत बसशील तं मीबी रडत बसीन. मंग जिनात बोजे कोन उचलंल? त्यापरीस काईतरी शिक." तिनं अमरावतीच्या दवाखान्यात राहून मिडवाइफचं शिक्षण घेतलं. रोज सकाळी ती बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावून वंदना म्हणे आणि कामाला जाई. कुणाच्याही उंबऱ्यात पाऊल टाकण्याआधी एकदा हात जोडायची तिला सवय होती, मग आत देवघर कोणाचंही असो.

फाल्गुनात ती सुटी काढून अकोल्याला आली ती सायकल घ्यायचीच, असं ठरवून. बाप तिला मोर्णा नदीपलीकडं, जुन्या शहरात पुंजारामकडं घेऊन गेला. निंबाखाली बोरा अंथरून हा माणूस सायकली सोडायचा आणि जोडायचा. तोंडाचा फटकळ, हाताचा खरा.

तिच्याजवळचे पैसे पाहून पुंजारामनं एक जुनी दांड्याची सायकल पुढं केली. रंग उडालेला, घंटी नाही, दिवा नाही, चाकांवरची मडगार्डंसुद्धा काढून टाकलेली.

"हे तं नुसतं हाडकं हायेत," देवमन म्हणाला.

"हाडकंच पाहून घ्या लागते, काका. मास मंग चढते." पुंजारामनं चाक गरकन फिरवून दाखवलं. "पाह्य बाई, कुठी लचकते काय? फिरीव पॅडल. आता ब्रेक दाब. याच्यात खोट निंगाली तं माह्या निंबाले मले बांध."

"याले आनखी काय काय लागंल?" सत्यवतीनं विचारलं.

"सायकल घेनं म्हंजे लगन लावनं हाये. बिऱ्हाड मांगून येते. पन सारं येका दिवसात कायले? पैले हवा. पंप पायजेच, आपल्या इकडं बाभयीचे काटे वाट पाहूनच राह्यतात. मंग पंक्चरचा डबा. रबर, सोलुशन, काचकागद. आज हे दोनच घे. मांगून पाना, दिवा, घंटी, जसं जमंल तसं. बाकी सारे नखरे हायेत."

"अन् मडगार्ड? माह्यं पांढरं लुगडं हाये."

"लुगडं धुता येते. तू काळ्या मातीत चालली बाई. काळ्या मातीत मडगार म्हंजे चाकाले फाशी. म्यां मुद्दाम काढले." मग त्यानं मागच्या ट्रंकेतून एक जुना सराटा काढून तिच्या हातात ठेवला. सराटा म्हणजे उलथनं, तव्यावरचं धिरडं उलटवतो ते. "हा माह्याकून घे. सायकलीसंगं ठेव."

"सायकलीले सराटा?" सत्यवतीला हसू आवरेना. "हिच्यावर धिरडे टाकू का मी?"

"आता हास. भादव्यात समजंल."

बोरखेडला गेल्यावर तो सराटा तिनं खोलीत चुलीपाशी टांगला. धिरडी छान सुटायची त्यानं.

सायकल चालवायला ती त्याच सुटीत जिनाच्या आवारात शिकली. कापसाचा हंगाम सरत आला होता, आवार मोकळं होतं. देवमन सीट धरून मागं धावायचा आणि गड्यांना बिडी ओढता ओढता फुकटचा तमाशा मिळायचा.

"काय देवमन, पोरीले शर्यतीत उतरवतं काय?"

"अरे सोड ना सीट! पोरगी नाई पडत, तूच पडशीन!"

पहिले दोन दिवस पाचवारी पातळ साखळीत गेलं. एकदा तर असं अडकलं की कात्रीनं काठ कापावा लागला. तिसऱ्या दिवशी तिनं आईच्या वेळचं नऊवारी लुगडं काढलं, कासोटा घट्ट मारला आणि बाप्यासारखी दांड्यावरून टांग टाकून बसली. त्या दिवशी तिनं आवाराला सात फेऱ्या मारल्या. देवमन सातव्या फेरीला खाली बसला आणि डोळे पुसत म्हणाला, "धूळ लय उडवते व तू."

बोरखेडला सायकल आली तेव्हा पोरं मागं धावली, बुढ्या ओट्यावरून उठल्या. "नर्सबाई लोखंडाच्या घोड्यावर बसली व माय!" आठ दिवस असं चाललं. मग लोकांना दिसलं की ही बाई निरोप गेल्यावर चहा होतो न होतो तोच दारात उभी असते. हसणं हळूहळू थांबलं.

खरी गंमत पुढंच झाली.

चैत्रात पळसोन्याला लीलाबाईचं पहिलं बाळंतपण झालं, मुलगा झाला. पाचव्या दिवशी पाचवी पुजली आणि लीलाबाईचा सासरा नत्थुजी लुगडं, खण, नारळ आणि पायलीभर ज्वारी सुपात घालून पुढं आला. सुईणीचा तो मान आहे. तो दिल्याशिवाय पाचवी पुरी होत नाही, असं तिकडं मानतात.

सत्यवती मागं सरली. "मले काई घेता येत नाई, आबाजी. डॉक्टरसायबाची सक्त ताकीद हाये. सरकारी बाईनं कोनाकून काई घेतलं तं नोकरी जाते."

"अन् नाई घेतलं तं माह्या नातवाची पाचवी वाया जाते, त्याचं काय?" म्हातारा चिडला. "सरकार येनार हाये का माह्या लेकराची दीठ काढाले?"

लीलाबाई खाटेवरून रडवेली झाली. सत्यवतीची मोठी पंचाईत. घ्यावं तर साहेब, न घ्यावं तर बाळंतिणीचे डोळे. तिची नजर अंगणात टेकवलेल्या सायकलीवर गेली.

"मले नका देऊ," ती म्हणाली. "माह्या सायकलीले घंटी नाई. लुगडं वापस करा अन् तिले येक घंटी द्या. मान तिचा. तीच तं आली मले घेऊन."

नत्थुजी विचारात पडला. मग त्याचं बोळकं उघडलं. "म्हंजे सुईन सायकल हाये, असंच ना?"

दुसऱ्या आठवड्यात घंटी आली, हळदीकुंकू लावून. सायकलीच्या हँडलवर नत्थुजीनं ती स्वतः बसवली आणि चार वेळा वाजवून पाहिली.

मग काय, ही गोष्ट तिन्ही गावांत झाली. बोरखेडच्या किराणेवाल्या खुशालरावांना नात झाली, त्यांनी तेलाचा दिवा दिला. "पळसोन्याची घंटी वाजते, आमचा दिवा दिसंल," असं वर म्हणाले. लोहाराच्या घरी नातू झाला, त्यानं भट्टीत पाना घडवला. नटांची मापं त्यानं दोऱ्यानं घेतली होती. पाना ओबडधोबड, जड, पण बसला की हलत नसे. जाईबाई मजुरी करणारी, तिच्या पोरीच्या बाळंतपणानंतर चार दिवस ती तोंड चुकवत होती. पाचव्या दिवशी तिनं पदराखालून अंबाडीची दोरी काढली, आठ हात लांब, स्वतः वळलेली.

"दुसरं काई नाई बाई माह्यापाशी."

"अवो, हेच पायजे होतं! पेटी कायनं बांधत होतो मी? फाटक्या पट्टीनं." सत्यवतीनं तिच्यासमोरच पेटी मागच्या कॅरिअरला त्या दोरीनं आवळली. जाईबाई त्यानंतर सायकल दिसली की आधी दोरीकडं पाही, मग बाईंकडं.

एक दिवस डॉक्टरसाहेबांनी सायकल न्याहाळली. घंटीला कुंकू, दिव्याला गोंडा.

"हे काय आहे? मी सांगितलं होतं ना, काही घ्यायचं नाही म्हणून?"

"मी कुठी घेतलं साहेब? सायकलीचा मान हाये तो."

साहेब पुण्याकडचे. त्यांनी घंटी एकदा वाजवली आणि ते आत गेले. पुन्हा कधी तो विषय त्यांनी काढला नाही.

शकुनला पुन्हा दिवस गेले होते. सत्यवती महिन्यातून दोनदा धानोरीला जाऊन तिला तपासत असे. भादव्यात नऊ महिने भरणार होते, म्हणजे पुन्हा तेच पावसाचे दिवस, तीच गाडवाट. शकुन दर वेळी एकच विचारायची, "याल ना बाई?" आणि सत्यवती दर वेळी सायकलीकडं बोट दाखवायची.

ज्येष्ठात एकदा पार्बताबाईनं तिला ओसरीवर थांबवलं. पंजाबराव आतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. उलगडलं तर चकचकीत नवी मडगार्डं, पुढचं आणि मागचं.

"हे कायले? अजून बाळ कुठी आलं?" सत्यवती म्हणाली. जन्माआधी काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही, हे या घराला सांगायला नको होतं.

पार्बताबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"दोनदा पाचवी आलीच नाई माह्या घरी. वाट पाहून पाहून मान द्याचा राहूनच गेला. आता तिसऱ्या खेपेले येते का नाई, कोनाले मालूम. म्हून आधीच द्यून टाकतो. लेकराच्या नावानं नाई, सायकलीच्या नावानं. देव काई म्हननार नाई."

 पुंजारामचे शब्द सत्यवतीला आठवले, नाही असं नाही. पण त्या म्हातारीच्या हातातून ती मडगार्डं परत करणं तिच्यानं झालं नाही. आणि खरं सांगायचं तर तिला ती आवडलीही. काळी, चमकदार, कडेनं सोनेरी रेघ. बसवल्यावर सायकल नव्या नवरीसारखी दिसायला लागली. उन्हाळ्याची धूळही लुगड्यावर येईना. आषाढ-श्रावणात धानोरीला ती उघडीप पाहून, वाट वाळल्यावरच जाई; बाकी जाणं-येणं सडकेवरून, पळसोन्याकडंच झालं. पुंजाराम उगाच घाबरवत होता, असं तिला वाटलं.

भादव्यात महालक्ष्म्या उठल्या, त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी पंजाबराव दवाखान्याच्या दारात उभे राहिले. मांड्यांपर्यंत चिखल. दमणी आणायचा त्यांनी विचारही केला नव्हता, चालत आले होते.

"पहाटपासून दुखून राह्यलं. चला बाई."

पेटी तयारच होती. जाईबाईच्या दोरीनं ती बांधून झाली. सत्यवतीनं हात जोडले आणि टांग टाकली. "तुमी मांगून या," एवढंच ती पंजाबरावांना म्हणाली.

रात्रभर पाऊस पडून गेला होता, आता उघडीप होती. सडकेवर सायकल सुसाट गेली. तीन मैल कसे गेले कळलं नाही. तिच्या मनात आलं, या खेपेला जमलं.

फाट्यावरून ती गाडवाटेत उतरली. पन्नास पावलं सायकल चालली. मग जड झाली. मग इतकी जड झाली की पॅडलवर उभं राहूनही पुढं सरकेना, आणि मग थांबलीच. सत्यवती उतरून पाहते तर चाक आणि मडगार्ड यांच्यामधे काळी माती ठासून बसलेली. माती नव्हेच ती, डिंक. चाक ढकलून फिरत नव्हतं, ओढून फिरत नव्हतं. तिनं बोटं घातली, थोडी काढली, दोन पावलं नेली, तेवढ्यात परत भरली.

चाकाले फाशी.

आणि सराटा कशाला दिला होता, तेही तिला तिथंच, त्याच घटकेला कळलं. तो इकडं मडगार्डाखाली घालून माती खरवडायची. आणि तो तिकडं बोरखेडला चुलीपाशी टांगला होता, धिरड्याच्या कामाला.

तिला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मागच्या श्रावणात दमणी रुतली ती जागा तिथून दिसत होती. चालत गेलं तर पेटी घेऊन सव्वा तासाच्या वर, त्या जागेपासूनच मागच्या खेपेला तेवढा लागला होता. आणि आज तर एक घटकाही जास्त नव्हती.

मग खांद्याला लटकवलेल्या पिशवीतला जड पाना तिच्या मांडीला लागला.

सायकल तिनं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गवतात आडवी टाकली. पान्यानं पहिला नट फिरवला. चिखलानं हात घसरत होते, पण लोहाराचा पाना एकदा बसला की सुटत नव्हता. मागच्या चाकाचे नट सैल केले, मडगार्ड ओढून काढलं, नट परत आवळले. मग पुढचं. तोंडानं ती वंदना म्हणत होती, मधे शकुनचं नाव येत होतं, मधे पुंजारामचं. दोन्ही मडगार्डं निघाली. ती तिनं बांधावरच्या बाभळीला टांगली. वाकडी झाली होती, सोनेरी रेघ दिसत नव्हती.

बाभळीची एक चपटी वाळकी काटकी घेतली, चाकातली माती खरवडली. हाताला दोन काटे लागले, तिकडं तिनं पाहिलं नाही. गाडवाट सोडली आणि धुऱ्याधुऱ्यानं, गवतावरून निघाली. गवतात माती चिकटत नव्हती. जिथं धुरा संपे तिथं ती पेटी दोरीनं पाठीला बांधी, सायकल खांद्यावर घेई, वावर ओलांडे आणि पुढच्या धुऱ्यावर परत टांग टाकी. हाडकांचीच सायकल ती, खांद्यावर हलकी लागली. पुंजारामनं ती तशी का दिली, तेही तिला कळलं.

धानोरीच्या वेशीत तिनं नत्थुजीची घंटी वाजवायला सुरुवात केली ती पार्बताबाईच्या अंगणात येईपर्यंत थांबवली नाही.

"आली! आली व शकुन, बाई आली!" आतून पार्बताबाई ओरडली.

सत्यवतीनं हात धुतले. कोपरापर्यंत, साबणानं, दोनदा. पार्बताबाईनं पाणी ओतलं. आत गेली तेव्हा बाळाचं डोकं बाहेर येत होतं. आणि नाळ गळ्याभोवती होती, एक वेढा, घट्ट. दोन बोटांचं काम. तिची दोन बोटं गेली, वेढा अलगद डोक्यावरून निघाला. बाळ आलं. निळं होतं, गप्प होतं. तिनं तोंडातलं पुसून काढलं, पालथं धरलं, पाठ चोळली. पार्बताबाईनं डोळे मिटून घेतले होते.

मग ते रडलं. पहिल्यांदा बारीक, मांजराच्या पिलासारखं. नंतर असं की बाहेर गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली.

"पोरगी हाये," सत्यवती म्हणाली.

"रडून राह्यली ना?" शकुननं विचारलं. "मले आयकू येऊन राह्यलं तेच ना?"

"तेच. थांबाचं नाव नाई."

तासाभरानं पंजाबराव चालत अंगणात आले. दोन्ही खांद्यांवर दोन वाकडी मडगार्डं, जणू धनुष्यं घेऊन कुणी लढाईला निघावं. आतलं रडणं कानावर पडलं तसे ते तिथंच, तुळशीपाशी बसले. मडगार्डं खांद्यावरून उतरवायची त्यांना आठवण राहिली नाही.

पाचव्या दिवशी सत्यवती बाळंतिणीला पाहायला आली. मडगार्डांशिवाय, आणि लुगड्यावर घोट्यापासून पाठीपर्यंत चिखलाचे शिंतोडे घेऊन. घरात पाटा-वरवंटा पुजलेला, दिवा लावलेला. तिसऱ्या खेपेला पाचवी आली होती. पार्बताबाई ओसरीवर पाय पसरून बसली होती आणि नात तिच्या मांडीवर झोपली होती.

"तुमचे मडगार मी बाभयीवर टांगले, मोठ्या बाई," सत्यवती खाली बसत म्हणाली. "रागावल्या तं नाई?"

"टांगले ते बरं केलं. म्याच फास देल्ला होता सायकलीच्या गयात, तुमी सोडवला." म्हातारी नातीकडं पाहून म्हणाली, "हिचा अन् सायकलीचा, येकाच दिवशी. पंजाब्यानं गोठ्याच्या दारावर ठोकले ते. आता वासराच्या आंगावर पानी गयत नाई. पन मंग मान राहूनच गेला म्हना. आज पाचवी हाये. सांगा, सायकलीले काय पायजे?"

सत्यवती हसली. "पुंजाराम म्हनून आमच्या अकोल्याचा मेस्त्री हाये. त्यानं सराटा देल्ला होता माती खरवडाले. म्या तो चुलीवर लावला. आता त्या सराट्यानं माती खरवडली तं धिरडं कायनं उलटवू? येक सराटा जुना-पुराना असला तं द्या."

"हाये ना. माह्या चुलीपाशी खिळ्याले टांगेल हाये. घ्या."

सत्यवती जागची हलली नाही. ओसरीच्या पुढं मधलं घर, मधल्या घराच्या पुढं स्वयंपाकघर. वर्षभरात ती शकुनच्या खोलीपलीकडं कधी गेली नव्हती. कोनाड्यातला कप ओसरीवरच होता.

"तुमीच द्या," ती म्हणाली.

"अवो, मांडीवर लेकरू झोपलं ना माह्या. उठलो तं जागी होईल, अन् मंग तुमीच घ्या तिले." पार्बताबाईनं वर पाहिलंसुद्धा नाही, नातीच्या कपाळावरची माशी हाकलली. "जा ना. उजव्या हाताले खिळा हाये. अन् चुलीवर दूध ठेवेल हाये, उतू जाऊ देऊ नका. तापलं असंल तं दोघीपुरता चहा टाका. कप मांडणीवर हायेत."

सत्यवती उठली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात थांबून, तिच्या सवयीप्रमाणं, तिनं हात जोडले. आणि आत गेली. दूध वर येतच होतं.